सातारची अदालत व राजवाडा

अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेस वसलेल्या सातारा शहरांत दोन वास्तु अशा आहेत कीं, त्यांचीं नांवें व त्यांचा उपयोग यांची परस्परांत अदलाबदल झाली. ‘अदालतवाडा’ हें नांव न्यायकचेरीचें; पण तो वाडा पुढें भोसले घराण्याच्या राहण्याकडे आला. ‘राजवाडा’ हें नांव राजाच्या राहत्या घराचें. पण त्याच्याच नव्या भागांत इंग्रजी अमलांत जिल्ह्याची अदालत बसली. ही गोष्ट सातारकरांस नित्याची असल्यामुळें तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु सातारच्या राज्यांतील न्याय कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, याचा हा दगड-लाकडांत राहिलेला दाखलाच होय.

(१) न्यायाच्या कामीं या प्रांताची परंपरा मोठी आहे. साताऱ्यानजीक कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली हें रामशास्त्री प्रभुणे यांचें गांव. मराठी अमलांत निवाड्याची रीति ठरलेली असे. वादी-प्रतिवादींच्या तक्रिरा व करीने घ्यावे, उभयतांकडून निवाडा मान्य करण्याविषयीं राजीनामे व जामीनकतबे लिहून घ्यावे, साक्षी पुरसून मजालसीनें अगर गोतानें निर्णय करावा, आणि सर्वांच्या निशाण्यांसह महजर अथवा निवाडपत्र करून द्यावें. जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी सरकारांत येई. या पद्धतींत इमारतीचें महत्त्व थोडें व माणसांचें अधिक. देवाच्या दारीं, चावडीवर, नदीकांठीं, कोठेंहि मजालस भरे. न्यायासाठीं स्वतंत्र वाडा असणें ही त्या मानानें पुढची पायरी होय. म्हणून ‘अदालतवाडा’ या नांवास इतिहासांत किंमत आहे.

(२) १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांस सातारच्या गादीवर बसविलें. ता. २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह झाला. आरंभीं कारभार कॅप्टन ग्रांट (पुढें मराठ्यांच्या इतिहासाचे कर्ते म्हणून प्रसिद्धीस आलेले ग्रांट डफ) पाहत. १८२२ त तो महाराजांच्या हवालीं झाला. महाराज स्वतः कामांत लक्ष घालणारे, रोजनिशी ठेवणारे व विद्येचे भोक्ते होते. जुना राजवाडा त्यांनीं १८२४ त बांधविला.

त्यास लागून असलेल्या नव्या राजवाड्याचें काम १८३८ पासून १८४४ पर्यंत चाललें. त्यांतील दरबाराचा दिवाणखाना सागवानी लाकडाच्या चौसष्ट खांबांवर उभा आहे. कृष्णा व वेण्णा यांवरील पूल बांधणाऱ्या इंग्रज इंजिनियराकडेच हें काम होतें. या दोन सालांकडे वाचकांनीं नीट पाहावें. काम निघालें तेव्हां गादीवर प्रतापसिंह होते. काम संपलें तेव्हां ते काशीस नजरकैदेंत होते आणि गादीवर त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब होते. मधल्या काळांत जें घडलें, तें न्यायाच्याच नांवाखालीं घडलें.

(३) १८३६ सालीं महाराजांवर असा आरोप आला कीं, त्यांनीं कंपनीच्या फौजेंतील हिंदी अंमलदारांस फितविण्याचा प्रयत्न केला. चौकशीस रेसिडेंट लॉडविक, विलोबी व ओव्हन्स यांचें कमिशन नेमलें गेलें. चौकशी गुप्त होती. पुढें गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशीं संधान बांधल्याचे आणखी दोन आरोप जोडले गेले. आरोपाचे कागद आपणांस द्यावे व उघड चौकशी करावी, ही महाराजांची मागणी मान्य झाली नाहीं. १८३९ त मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आले. तहाविरुद्ध वर्तन घडल्याचें लिहून दिल्यास राज्य राहील, असें त्यांनीं सांगितलें. महाराजांनीं तें नाकारलें. न केलेला अपराध कबूल करून राज्य राखण्यापेक्षां तें सोडणें त्यांनीं पत्करलें आणि सप्टेंबर १८३९ त ते पदच्युत झाले. १८४७ सालीं काशीसच त्यांचा अंत झाला.

मराठी रीतीप्रमाणें पाहतां, ज्याची तक्रीर व ज्याचा राजीनामा नाहीं, त्याच्यावरील निवाडा निवाडाच नव्हे. ही दाद मागण्यास रंगो बापूजी विलायतेस गेले व चौदा वर्षांच्या सुमारास तेथें झगडले. जोसेफ ह्यूम व जॉर्ज थॉमसन यांच्यासारख्या इंग्रज गृहस्थांनीं त्यांची बाजू उचलली. पण फल कांहीं झालें नाहीं.

(४) ता. ५ एप्रिल १८४८ रोजीं शहाजी महाराज वारले. त्यांचें दत्तविधान डलहौसीनें मानलें नाहीं व राज्य खालसा झालें. ज्या वास्तूचें काम चालू असतांच तिच्या धन्यास उघड चौकशीवांचून शिक्षा झाली, तींतच पुढें नव्या सरकारचा न्यायाधीश बसूं लागला. जुन्या राजवाड्यांत सरकारी हायस्कूल भरूं लागलें; त्याच शाळेंत ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर यांचें नांव दाखल झालें. पुढें स्वतंत्र भारताच्या घटनेचे ते शिल्पकार झाले, हें लक्षांत घेतां या वास्तूच्या इतिहासांत या नोंदीचें मोल विशेष आहे. सांप्रत जिल्हा न्यायालय राजवाड्यांतून हलून स्वतंत्र इमारतींत गेलें आहे.

(५) कागद जमविणाऱ्यांस यावरून एक सूचना करावीशी वाटते. सातारच्या कागदांत ‘अदालत’ व ‘राजवाडा’ हे शब्द आले कीं, प्रथम कागदाचें साल पाहावें. राज्य खालसा होण्यापूर्वींच्या कागदांतील ‘राजवाडा’ म्हणजे छत्रपतींचें ठिकाण. त्यानंतर बऱ्याच काळानें झालेल्या डिक्रींत किंवा समन्सांत राजवाड्याचा उल्लेख असेल, तर तेथें न्यायाधीशाची कचेरी समजली पाहिजे. तसेंच अदालतवाड्याचा निर्देश घराण्याच्या खासगी कागदांत सांपडल्यास तेवढ्यावरून तो न्यायाचा कागद मानूं नये. शिक्के, स्टांप व लिहिण्याची धाटणी यांचा ताळा घेतल्यास घोंटाळा राहत नाहीं.

इमारतीचे धनी बदलतात, उपयोग बदलतात. नांवें मात्र चिकटून राहतात. प्रतापसिंहांस जी उघड अदालत मिळाली नाहीं, ती त्यांच्या राजवाड्यांत दुसऱ्यांच्या वादांसाठीं अनेक वर्षें भरत राहिली. त्या चौसष्ट खांबांखालीं उभे राहणाऱ्यानें एवढें तरी स्मरणांत ठेवावें.