दुधावांचून दूरचा पल्ला

चिंचणीहून वरोर व वाढवण या गांवांवरून डहाणूकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर हल्लीं मुंबईकडील सायकलस्वार दिसतात. दोनशें-तीनशें किलोमीटरांचा पल्ला ठराविक वेळेंत पुरा करण्याचा त्यांस छंद असतो. आणि त्यांच्यांत एखादा असाही निघतो, कीं जो मांस-मासळी तर राहोच, पण दूध, दहीं, तूप यांपैकीं कशासही शिवत नाहीं. अशा पाहुण्यापुढें वरोरच्या गृहिणीनें काय ठेवावें? घरामागें समुद्र, अंगणांत वाळत घातलेले बोंबील, आणि आल्यागेल्यास विचारावयाचा चहा तोही दुधाचा. हा मनुष्य खातो तरी काय, आणि सायकल मारतो ती कशाच्या जोरावर, असा प्रश्न तिला पडला तर तो अगदीं स्वाभाविक होय. परंतु हा प्रश्न एकट्या वरोरचा नाहीं. गेल्या दीडशें वर्षांत युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांनीं, लंडनच्या सायकलपटूंनीं आणि खुद्द महात्मा गांधींनीं तो आपापल्या परीनें सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. त्या प्रयत्नांचा इतिहास पाहण्यासारखा आहे; कारण त्यांतून निघणारें उत्तर आपल्याकडील शाकाहारी व मांसाहारी अशा दोन्ही अभिमानांस थोडथोडें बोचणारें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचें मत प्रमाण मानलें जात असे. स्नायु प्रथिनांचा बनलेला. तेव्हां स्नायूनें काम केलें म्हणजे त्यांतील प्रथिनच खर्ची पडतें, आणि ती तूट भरून काढण्यास मांसासारखें दुसरें अन्न नाहीं, अशी ती विचारसरणी. दिसावयास ती मोठी तर्कशुद्ध. पण १८६५ सालीं फिक आणि व्हिस्लीसेनुस या झूरिकच्या दोन प्राध्यापकांनीं ती डोंगरावर नेऊन तपासली. स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नांवाच्या शिखराची सुमारें २,००० मीटरांची चढण ते चढले, आणि त्याच्या आधींपासून पिष्ट, चरबी व साखर, म्हणजे ज्यांत प्रथिन नाहीं असेंच अन्न त्यांनीं घेतलें. मूत्रांतील नत्राचें मापन करून शरीरांत किती प्रथिन जळलें याचा त्यांनीं हिशेब काढला, तों चढण्यास लागलेल्या श्रमाच्या मानानें तें फारच अपुरें ठरलें. अर्थात् श्रमाचें मुख्य इंधन दुसरेंच कांहीं होतें.

शास्त्राचा निर्णय लोकांच्या समजुतींत उतरण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागतो. बळ म्हणजे गोमांस, हें इंग्रज माणसाचें समीकरण कायमच राहिलें. तें मोडण्याच्या कामीं सायकलचा मोठा उपयोग झाला. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच लंडनमध्यें शाकाहारी सायकलपटूंचा एक स्वतंत्र क्लब निघाला. त्याचे सभासद शर्यतींत उतरत ते निव्वळ बक्षिसांसाठीं नव्हे. आपला आहार दुर्बळांचा नाहीं, हें त्यांस रस्त्यावर सिद्ध करावयाचें होतें. १८९६ सालीं जेम्स पार्स्ली याच्या नेतृत्वाखालीं या क्लबानें दुसऱ्या दोन क्लबांचा सहज पराभव केला. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जी. ए. ऑली या शाकाहारी सायकलपटूनें लँड्स एंडपासून जॉन ओ ग्रोट्सपर्यंतच्या, म्हणजे ब्रिटनच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतच्या, सुमारें १,४०० किलोमीटरांच्या प्रवासाचा विक्रम मोडला. लांब पल्ल्याची शर्यत या वादास विशेष सोयीची असते. क्षणभराच्या झेपेंत निसर्गदत्त जोर निभावून नेतो. परंतु १८९१ सालच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या पहिल्या १,२०० किलोमीटरांच्या शर्यतींत जिंकणारा शार्ल तेराँ हाही ७१ तासांहून अधिक काळ रस्त्यावर होता. इतका वेळ पायडल मारावयाचें म्हणजे पोटांत काय पडतें आहे, याची झडतीच होय.

तरीही या इंग्रज शाकाहारांत एक पळवाट होती. मांस वर्ज्य झालें तरी दूध, लोणी, अंडीं यांस त्यांत सामान्यतः मज्जाव नव्हता. आणि आपल्याकडील शाकाहार तर दुधावरच उभा! आपल्या तालमींत पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदाम. आजाऱ्यास दूध, परीक्षेस बसणाऱ्या मुलास दूध, बाळंतिणीस तूप. दूध सोडून बळ टिकतें काय, हा प्रश्न आपल्यापुढें ठळकपणें आणला तो गांधींनीं. १८८८ ते १८९१ या वर्षांत ते लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असतां तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितींत होते. १९१२ सालीं टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनीं व त्यांचे स्नेही कॅलनबॅक यांनीं दूधही सोडलें. परंतु १९१८ च्या दुखण्यांतून त्यांची प्रकृति कांहीं केल्या सुधारेना. तेव्हां व्रत घेतांना मनांत गाईम्हशींचें दूध होतें, या शब्दार्थाचा आधार घेऊन, कस्तुरबांच्या सूचनेवरून, ते शेळीचें दूध घेऊं लागले. व्रताचें शरीर राहिलें, आत्मा गेला, ही खंत त्यांनीं आत्मचरित्रांत लपविलेली नाहीं. आणि १९३१ सालीं लंडनच्या शाकाहारी मंडळापुढें बोलतांनाही आपला हा अनुभव त्यांनीं मोकळेपणानें सांगितला.

पुढें १९४४ सालीं डोनल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांत निराळें मंडळ काढून ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला. केवळ वनस्पतींवर राहणाऱ्यांस नांव मिळालें; पण एक महत्त्वाची गोष्ट त्या वेळीं कोणासच ठाऊक असणें शक्य नव्हतें. ब-१२ हें जीवनसत्त्व शुद्ध रूपांत प्रथम वेगळें काढण्यांत आलें तें १९४८ सालीं. तें सूक्ष्म जंतू निर्माण करतात आणि प्राण्यांच्या द्वारें तें आपणांपर्यंत पोंचतें. धान्यभाज्यांत त्याचा भरंवसा नाहीं. त्याच्या अभावीं रक्त आणि मज्जातंतु दोन्ही बिघडतात. आज तें जंतूंकडूनच तयार करवून गोळीच्या रूपानें स्वस्त मिळतें, आणि व्हीगन सायकलपटूस ती गोळी घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. हें ऐकून दूध पिणाऱ्यांनीं मात्र हसूं नये. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें शहरांतील व खेड्यांतील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत सुमारें दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तांत ब-१२ कमी आढळलें. चहापुरतें दूध आणि वाटीभर ताक एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्या मध्यमवर्गानें हा आंकडा लक्षांत ठेवावा.

इंधनाच्या प्रश्नाचा निकाल लागला तोही सायकलवरच. मात्र ही सायकल रस्त्यावरची नसून प्रयोगशाळेंतील होती. १९३९ सालीं कोपनहेगनच्या क्रिस्टेन्सेन व हॅन्सेन यांनीं जागच्या जागीं फिरणाऱ्या सायकलीवर माणसें बसवून दाखविलें कीं, स्निग्ध आहारावर राहिलेल्या माणसापेक्षां पिष्टमय आहारावर राहिलेला माणूस दुपटीहून अधिक वेळ टिकतो. १९६७ सालीं स्वीडनमधील बेर्गस्ट्रॉम, हुल्टमन प्रभृति संशोधकांनीं स्नायूचा बारीक तुकडा काढून त्यांतील ग्लायकोजेन, म्हणजे सांठविलेली शर्करा, मोजली; आणि पिष्टमय आहारानंतरचा टिकाव हा स्निग्ध-प्रथिन आहारानंतरच्या टिकावाच्या जवळजवळ तिप्पट भरला. हा सांठा शरीरांत फार तर ५०० ग्रॅमांच्या आसपास असतो व कांहीं तासांत संपतो. ६०० किलोमीटरांच्या ‘ब्रेव्हे’स ४० तासांची मुदत असते, तेवढा वेळ तग धरावयाचा तर वाटेंत तासास ६० ग्रॅमांच्या आसपास शर्करा पोटांत जात राहिली पाहिजे. २०११ च्या टूर दि फ्रान्समध्यें डेव्हिड झॅब्रिस्की हा अमेरिकन सायकलपटु, आठवड्यांतील थोडी मासळी वगळतां, व्हीगन आहारावर उतरला. त्याच्या संघानें सांघिक शर्यत जिंकली. तो स्वतः नवव्या टप्प्यांत पडून जायबंदी झाला. तो विजय जसा आहाराच्या पदरांत टाकतां येत नाहीं, तसा तो अपघातही नाहीं. निकाल एका माणसावरून लागत नसतो.

हा व्यवहार आतां मराठी मुलखास परका राहिलेला नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत १८१५ च्या पेशवाईंत कोणी कल्पिलीही नसती. ती २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं जोडीनें पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं एकट्यानें. तेव्हां आपल्या स्वयंपाकघरांतून या श्रमास काय पुरवितां येईल, हें पाहणें निरर्थक नाहीं. आणि त्यासाठीं वरोरच्या आसपासचाच परिसर पुरेसा आहे. एका मध्यम चिकूंत सुमारें २० ग्रॅम शर्करा असते. म्हणजे तीन चिकू झाले कीं तासाची बेगमी झाली. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हें फळ मूळचें मध्य अमेरिकेकडील, हें आज सांगितलें तरच आठवतें. व्हीगन आहारास ‘विलायती खूळ’ म्हणणाऱ्यांनीं शेंगदाणा व मिरची यांचेंही मूळ गांव विचारून पाहावें. किनाऱ्यावरून पूर्वेस डोंगराकडे वळलें म्हणजे नागलीची भाकरी, भाताची पेज, उडदाचें वरण हें वारली कुटुंबांचें अन्न भेटतें. १०० ग्रॅम नागलींत ३०० मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम असतें. तेवढ्याच दुधांत तें याच्या निम्म्यानेंही नसतें. धान्यांतील प्रथिनाची उणीव डाळ भरून काढते आणि डाळीची धान्य. दूध येथें रोजच्या ताटांत कधींच मुख्य नव्हतें. मासा, खेकडा, कोंबडी यांचा या लोकांस विटाळ नाहीं. पण रोजचे कष्ट निघत ते प्रायः भाकरी आणि पेज यांवरच. स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेंत जें सिद्ध झालें, तें तलासरीच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें होतें.

मात्र येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. कष्टकऱ्याच्या ताटाचें असें कौतुक करणें सोपें. परंतु तें ताट त्यानें निवडलेलें नव्हतें. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं डहाणू, उंबरगांव भागांतील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हां त्यांचा झगडा आहाराच्या तत्त्वाकरितां नव्हता. पोटभर अन्नाकरितां आणि माणूस म्हणून जगण्याकरितां होता. पुढें १९९२-९३ च्या सुमारास याच डोंगरांतील जव्हारकडच्या वावर-वांगणी भागांतील बालमृत्यूंनीं महाराष्ट्र हादरला. ज्या मुलास दूध मिळत नाहीं, आणि ज्या सायकलपटूनें दूध सोडलें, त्या दोघांच्या वाटीत सारखेंच कांहीं नसलें तरी त्या दोन रिकाम्या वाट्या एक नव्हेत. त्याग हा ज्याच्यापाशीं आहे त्यासच करतां येतो.

म्हणून व्हीगन सायकलपटूनें आपला मार्ग खुशाल चालवावा. इतिहास व शास्त्र त्याच्या बाजूस आहेत. डाळ-धान्य नीट खावें, ब-१२ ची गोळी विसरूं नये, म्हणजे पल्ला गांठण्यास दूध किंवा मांस यांचें अडत नाहीं. परंतु ज्या कोळणीच्या घरावरून त्याची सायकल जाते, तिच्या बोंबलाकडे त्यानें नाक मुरडूं नये. तिचा मुलगा शाळा शिकला तो त्या बोंबलावर. आणि आपणां दूध पिणाऱ्या शाकाहारी मंडळींनीं, सात्त्विकतेचा आपला दावा एका बाजूस वासराकडे पाहून व दुसऱ्या बाजूस पेजेवर राबणाऱ्या माणसाकडे पाहून एकदां पुन्हा तपासावा. आहार कोणताही असो, तो दुसऱ्याच्या ताटास हिणविण्यासाठीं वापरला गेला कीं त्यांतील पोषण गेलें असें समजावें.