वास घालवायचा म्हणजे नेमकं काय घालवायचं?

"वासाचासुद्धा इतिहास असतो?" संशोधनाचा विषय सांगितला की हा प्रश्न येतोच. तर, असतो. फ्रेंच इतिहासकार आलाँ कोर्बँ यांनी १९८२ साली दुर्गंध आणि सुगंध यांच्या सामाजिक इतिहासावर अख्खं पुस्तक लिहिलं. वास नाकाला येतो, पण तो 'घाण' ठरवतो समाज. आणि एकदा वास घाण ठरला की तो ज्यांच्या घरातून येतो ती माणसंही घाण ठरायला वेळ लागत नाही. माझा सगळा रस या दुसऱ्या वाक्यात आहे.

आज 'घरातला वास नैसर्गिक पद्धतीने घालवा' असे सल्ले सगळीकडे दिसतात. लिंबू ठेवा, कोळसा ठेवा, कडुलिंब जाळा. हे उपाय आले कुठून, आणि मधल्या काळात ते मागे का पडले, हे या लेखात बघू. सुरुवात राजूरपासून करू.

पावसाळी घर आणि त्याचे वास

अकोले तालुक्यातलं राजूर ही आजूबाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर गावांची बाजारपेठ. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठीही ते ओळखलं जातं. जिल्ह्याचा पूर्व भाग पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तर इथून पुढे भंडारदरा, रतनवाडी, घाटघरकडे जावं तसा पाऊस वाढतच जातो. अशा मुलखात घरातल्या वासाचं मूळ कारण एकच: ओल.

कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर कौलं किंवा गवत, पावसाळ्यात गुरं घराच्याच एका बाजूला, मधोमध चूल. आता या घरातले वास वेगवेगळे करून बघा. गोठ्यातला झोंबणारा वास अमोनियाचा. घोंगड्या-गोधड्यांचा कुबट वास बुरशीचा. सुक्या बोंबलाचा वास प्रामुख्याने ट्रायमिथिलअमाइन नावाच्या संयुगाचा. खरकट्याचा आंबूस वास आम्लांचा.

आणि उपाय? गोठ्यात कोरडी माती, पालापाचोळा. भांड्यांना आणि खरकट्याच्या जागेला राख. माशाच्या हाताला चिंच किंवा लिंबू. भिंतीला चुना. जमिनीला सारवण. धान्यात कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा पाला. घोंगडी चुलीवरच्या माळ्यावर.

यामागचं रसायनशास्त्र सोपं आहे. माशाचा वास देणारा पदार्थ अल्कधर्मी असतो. त्याला चिंचेचं आम्ल मिळालं की त्याचं क्षार बनतं आणि ते हवेत उडत नाही. उडत नाही म्हणजे नाकापर्यंत पोचत नाही. राख अल्कधर्मी, म्हणून ती आंबूस वासावर चालते. चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांच्या पृष्ठभागावर वासाचे रेणू चिकटून बसतात. कोरडी माती ओल शोषते, आणि ओल गेली की कुजणं मंदावतं.

म्हणजे हे उपाय वास *झाकत* नव्हते, वासाच्या कारणाला हात घालत होते. झाकणारी वस्तू वेगळी: ऊद, धूप. ती आली देवघरातून आणि बाळंतिणीच्या खोलीतून. त्यातही ऊद म्हणून जाळला जाणारा लोबान मुळात सुमात्राकडचा, समुद्रमार्गे व्यापारातून आलेला. 'आपलं', 'नैसर्गिक' आणि 'स्थानिक' हे तीन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

वास म्हणजेच रोग?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या बहुतेक डॉक्टरांचा समज होता की कुजण्यातून उठणारी दूषित हवाच रोग पसरवते. इंग्लंडमधले आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांनी तर १८४६ साली संसदीय समितीपुढे वास आणि रोग जवळजवळ एकच मानले. म्हणून वास मारणं हेच औषध ठरलं.

कार्बोलिक आम्ल याच वाटेने आलं. रुंगे यांनी १८३४ साली दगडी कोळशाच्या डांबरातून ते वेगळं केलं. कार्लाइल शहरात सांडपाण्याचा वास मारायला ते वापरत. ते वाचून जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ते जखमांवर वापरून पाहिलं. पुढे काळं फिनेल आणि कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्याही कोळशाच्या डांबरातूनच आल्या. मराठीने गोळ्यांच्या नावात हा इतिहास अजून जपून ठेवलाय!

गंमत म्हणजे याच काळात हेन्री मूल नावाच्या इंग्लिश पाद्र्याने विष्ठेवर कोरडी माती टाकली की वास जातो हे दाखवून १८६० साली मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं. हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आणि छावण्यांत ती पद्धत वापरली गेली. गोठ्यात माती टाकणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटलं नसतं.

प्लेग: वासावरून घराची पारख

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू त्याआधी दोन वर्षं, १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तरीही मुंबईत गटारांमधून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं, घरांना चुना फासला, कौलं उतरवली, जमिनी उकरल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवली गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या समितीने सैनिक घरात घुसवले. त्यातून २२ जून १८९७ ची घटना घडली, ती सगळ्यांना माहीत आहे. त्याच साथीत १० मार्चला रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

१८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग पिसवांवाटे पसरतो. हे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे कारण होतं उंदीर आणि पिसवा, पण झडती घेतली गेली ओलीची, अंधाराची आणि वासाची. झळ अर्थातच चाळीतल्या आणि वस्तीतल्या गरिबांना जास्त बसली. माझ्या मते आपल्याकडे 'स्वच्छ वास' म्हणजे फिनेलचा वास हे समीकरण रुजायला याच काळाचा मोठा हात आहे. शेण, राख आणि धूर यांचे वास तेव्हापासून मागासपणाच्या खात्यावर जमा झाले.

त्याला उत्तर देणारी माणसंही होती. नगर जिल्ह्यातल्याच पारनेरचे सेनापती बापट हातात झाडू घेऊन गाव झाडत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखताचे संडास विकसित केले. तिथे वास घालवणं हा प्रश्न मुळात भंगीकामातून माणसाची सुटका करण्याचा होता. वास कोणी सहन करायचा हे जात ठरवत होती. तो वास मातीखाली गाडला की कामाला चिकटलेला कलंक पुसण्याची वाट मोकळी होते, हा त्यामागचा विचार.

मग जुनं तेच चांगलं का?

नाही. चुलीच्या धुराने घोंगडी कोरडी राहायची, कौलाखालचं लाकूड आणि वर टांगलेलं बियाणं किडीपासून वाचायचं. पण तोच धूर बायकांच्या आणि लेकरांच्या छातीत जायचा. कडुलिंबाचा धूर 'नैसर्गिक' असला तरी फुप्फुसाला तो धूरच. चूल गेली हे चांगलंच झालं. पण चुलीसोबत घर कोरडं ठेवणारी धगही गेली, आणि कौलांच्या फटींतून खेळणारी हवा स्लॅबने अडवली. जळताना गॅसमधूनही पाण्याची वाफ निघते. त्यामुळे पावसाळ्यात नव्या पक्क्या घरातही कुबट वास येतो आणि आपण त्यावर सुगंधी फवारा मारतो. ओल तिथेच राहते.

इतिहासातून घ्यायचं ते उपायांपेक्षा त्यांचा क्रम. आधी वास कुठून येतो ते शोधा. मग कोरडं करा, हवा खेळू द्या. मग आंबूस वासाला राख किंवा खायचा सोडा, माशाच्या वासाला लिंबू-चिंच, बुरशीच्या भिंतीला चुना. उदबत्ती सगळ्यात शेवटी, हौस म्हणून.

आणि एक सवय मोडायची. आश्रमशाळेतून शहरातल्या कॉलेजात आलेल्या पोराच्या कपड्यांना धुराचा वास आला, तर तो वास त्याच्या घरात अजून चूल आहे एवढंच सांगतो. त्यापलीकडे त्याच्याबद्दल काहीही सांगत नाही. १८९७ च्या झडत्यांमध्ये हा फरक विसरला गेला होता. आपल्याला तरी तो पाळता यायला हवा.

पुढच्या लेखात फिनेल आणि साबणाच्या जुन्या मराठी जाहिराती बघू. वासाची लाज विकली कशी गेली, ते तिथे चांगलं दिसतं.