गुणनियंत्रणाचा तक्ता : हॉथॉर्न ते कलकत्ता

मालाची पारख ही कारखान्याहून जुनी आहे. तथापि मालाची गुणवत्ता उत्पादनाच्या ओघातच राखावयाची, आणि त्यासाठी संख्याशास्त्राचा आधार घ्यावयाचा, ही कल्पना अवघ्या शंभर वर्षांची आहे. तिचा आरंभ एका चिठ्ठीत सापडतो. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या तपासणी-विभागात वॉल्टर शूहार्ट या भौतिकीच्या पदवीधराने आपल्या वरिष्ठांस एक पानाचे टिपण दिले. त्यातही बरीच जागा एका साध्या आकृतीने व्यापली होती. ही आकृती म्हणजेच नियंत्रण-तक्ता.

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील या कंपनीच्या कारखान्यात दूरध्वनीची सामग्री तयार होई. त्यांतील काही उपकरणे जमिनीखाली पुरावी लागत. असे उपकरण बिघडले म्हणजे ते उकरून काढण्याचा खर्च मोठा. त्या काळचा उपाय एकच : माल तयार झाल्यावर तपासनिसाने तो पाहावा आणि वाईट नग बाजूस काढावेत. परंतु वाईट नग वेगळा काढल्याने तो वाईट का झाला हे कळत नाही, आणि त्यावर झालेला खर्चही परत येत नाही.

शूहार्टची दृष्टी निराळी होती. एकाच यंत्रावर, एकाच कारागिराने केलेले दोन नग तंतोतंत सारखे असत नाहीत. हा फरक दोन प्रकारांनी उद्भवतो. असंख्य बारीकसारीक कारणांच्या मेळातून येणारा फरक त्या यंत्रपद्धतीच्या अंगचाच असतो; त्यास यादृच्छिक म्हणावे. दुसरा फरक एखाद्या विशिष्ट, शोधून काढता येण्याजोग्या कारणाने येतो : हत्याराची धार गेली, कच्च्या मालाची खेप बदलली, नवा माणूस कामावर आला. सरासरीच्या वर व खाली तीन प्रमाण-विचलनांच्या अंतरावर दोन रेषा आखल्या की या दोहोंची निवड करता येते. बिंदू रेषेबाहेर गेला तर कारण शोधावे; आत असेल तर यंत्रास हात लावू नये.

या शेवटच्या वाक्यातच खरी क्रांती आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेथवरील कामगाराने काढलेला दांडा मापाहून किंचित जाड निघाला म्हणून तो हत्यार तेवढेच पुढे सरकवतो. पुढचा बारीक निघाला की मागे घेतो. तो दक्ष आहे, प्रामाणिक आहे. पण फरक यादृच्छिक असेल तर त्याच्या या दक्षतेनेच मापांतील विखुरण वाढते. मुकादमाने अशा कामगारास दोष देणे हेही तितकेच निष्फळ. कारण पद्धतीच्या अंगचा फरक कमी करणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, कामगाराच्या हातचे नव्हे. वाद केवळ मापांचा नव्हता. दोष कोणाच्या माथी मारावयाचा याचाही होता.

१९३१ साली शूहार्टचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांत ही पद्धत शिकविण्यात आली. युद्ध संपताच तेथे तिचा विसरही पडू लागला.

पुढील भाग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये खुद्द शूहार्ट हिंदुस्थानात आले आणि सुमारे तीन महिने येथे राहिले. संस्थेने पुढे मुंबई, बंगलोर व कलकत्ता येथे गुणनियंत्रणाची केंद्रे चालविली. जपानमध्ये एडवर्ड्स डेमिंग यांची सुप्रसिद्ध व्याख्याने झाली ती १९५० च्या उन्हाळ्यात. म्हणजे मूळ आचार्य आपल्याकडे आधी आले, आणि त्यांच्या अनुयायाने जपान जिंकले.

असे का व्हावे? विद्वत्तेची उणीव हे उत्तर टिकत नाही; संख्याशास्त्रात आपला देश तेव्हा अग्रभागी होता. डेमिंग यांनी अभियंत्यांबरोबरच कारखान्यांच्या प्रमुखांनाही गाठले, ही एक गोष्ट. त्याहून मोठे कारण बाजारात होते. जपानला निर्यातीवाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याच्या मालाची ख्याती तेव्हा हलकी होती. आपल्याकडे आयातबंदी व परवाने यांच्या आडोशाला कारखानदार सुरक्षित होता. स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. जो माल खपणारच, त्याचा तक्ता कोण ठेवणार? केंद्रांतील तज्ज्ञांनी काम मन लावून केले नाही असे नव्हे. त्यांचे म्हणणे ऐकण्याची निकड मालकांस नव्हती.

१९९१ नंतर ही निकड आली. जपानमध्ये १९५१ पासून दिले जाणारे डेमिंग पारितोषिक १९९८ साली सुंदरम-क्लेटन या कंपनीच्या ब्रेक विभागाने मिळविले. भारतीय उद्योगास मिळालेले ते पहिले. २००३ मध्ये महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर विभागास ते लाभले. त्या विभागाचा एक कारखाना मुंबईत कांदिवलीस आहे.