टिपणवहीचे कुलूप



शिक्षकाच्या टिपणवहीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक धड्याचा: सनावळ्या, उतारे, मुलांना हमखास अडणारे शब्द. दुसरा मुलांचा: कोण उपाशीपोटी शाळेत येतो, कोणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झाले, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही पण चष्म्याचे नाव काढावयाची चोरी. पहिला मजकूर कोणीही खुशाल वाचावा. दुसरा कोणाच्या दृष्टीस पडला, तर एखाद्या मुलाची वर्गात मान वर होणार नाही. बेळगावात नोकरीस लागले तेव्हापासून कैक वर्षे या दोन्हींना एक वही आणि एक कपाट पुरत होते. पुढे मोबाइल आला, वही त्यातल्या अ‍ॅपमध्ये गेली, आणि कपाटाची किल्ली कोणाच्या हाती गेली हे विचारावयाचे मात्र राहून गेले. गेल्या वर्षी मोबाइल बदलताना मी ती टिपणे बाहेर काढू लागले. ती निघाली, परंतु दुसऱ्या कोणत्याच अ‍ॅपला धड वाचता येईनात. नवे अ‍ॅप निवडणे भाग पडले. पण इतिहास शिकविणाऱ्यांची एक खोड असते. बाजारात जाण्याआधी ते जुन्या माणसांना विचारतात.

मी प्रथम विचारले ते सॅम्युएल पीप्सला. हा लंडनमधील आरमारी कचेरीचा अधिकारी. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत त्याने नेमाने रोजनिशी लिहिली. १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची लंडनची आग त्याने डोळ्यांनी पाहिली व लिहून ठेवली. त्याबरोबरच आपल्या लाजिरवाण्या गोष्टीही लिहिल्या. म्हणून सारी रोजनिशी लघुलिपीत. फार नाजूक प्रसंग आला की, तो त्यात परभाषांची खिचडी मिसळी. दृष्टी जाईल या भीतीने त्याने लेखन थांबविले. १७०३ मध्ये तो वारला, आणि पुढे १७२४ मध्ये त्याचा सुमारे तीन हजार पुस्तकांचा संग्रह केंब्रिजच्या मॉडलेन कॉलेजात गेला. रोजनिशीच्या सहा वह्या त्यातच होत्या.

पीप्सच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८१९ मध्ये, जॉन स्मिथ नावाच्या एका गरीब विद्यार्थ्यावर ती लिपी सोडविण्याचे काम आले. तीन वर्षे तो त्यावर खपला. गंमत अशी की, ही लिपी पीप्सने स्वतः रचलेली नव्हतीच. टॉमस शेल्टन नामक गृहस्थाची ती पद्धत. तिचे पुस्तक त्या काळी छापून विकत मिळे. त्याची प्रत पीप्सच्याच संग्रहात, त्याच खोलीत होती. बिचाऱ्या स्मिथला कोणी ते सांगितले नाही! १८२५ मध्ये रोजनिशीचे निवडक भाग प्रसिद्ध झाले. पद्धत सर्वांना माहीत होती म्हणूनच ती पुढे कोणालाही पडताळता आली. पीप्सने स्वतःपुरती एखादी लिपी रचून तिची किल्ली सोबत नेली असती, तर त्या वह्या आज केवळ रेघोट्या म्हणून कपाटात पडून असत्या.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी रुमालांना कुलूप नव्हतेच. ते कागद कारकुनांनी एकमेकांना वाचावयासाठीच लिहिले होते. पण शाळांतून मोडी गेली आणि लिपीच कुलूप होऊन बसली. टिपण टिकण्यासाठी नुसता कागद टिकून भागत नाही. तो वाचण्याची विद्याही लोकांत उरावी लागते. माझ्या जुन्या मोबाइलमधील टिपणांचे दुखणे नेमके हेच होते.

तरीही मनात एक शंका राहते. पद्धत सर्वांना ठाऊक असेल, तर गुपित राहील कसे? या शंकेचे उत्तर एका भाषाशिक्षकाने देऊन ठेवले आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. ऑगस्त केर्कहॉफ्स हा जन्माने डच, पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवीत असे. १८८३ मध्ये त्याने लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक नियम असा की, गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित काय ते फक्त किल्लीत असावे. कुलूप कसे घडविले आहे हे साऱ्या लोहारांना दिसू द्यावे. ज्याची घडण लपवावी लागते ते कुलूप कच्चे, हे त्यातून ओघानेच येते. आज जगभर वापरात असलेली एईएस ही गुप्तलेखनाची पद्धत याच रीतीने निवडली गेली. अमेरिकी सरकारने १९९७ मध्ये खुली स्पर्धा लावली, जगातल्या तज्ज्ञांना एकमेकांची कुलपे फोडून पाहू दिली, आणि २००१ मध्ये दोघा बेल्जियन संशोधकांची रचना मान्य केली.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत असाच आग्रह रिचर्ड स्टॉलमन यांनी धरला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली: प्रोग्रामची मूळ संहिता वापरणाऱ्याला वाचता यावी, बदलता यावी, दुसऱ्याला देता यावी. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ चे. पुष्कळांना त्यात फुकटेपणाच तेवढा दिसतो. मला त्यात केर्कहॉफ्सचा लोहार दिसतो. ‘तुमची टिपणे आम्ही वाचत नाही’ असे एखादी कंपनी म्हणते, ते खरे की खोटे हे संहिता उघडी असल्यावाचून कोणी तपासावे?

हे भय काल्पनिक नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एव्हरनोट या टिपणांच्या कंपनीने जाहीर केले की, यंत्रशिक्षण ठीक चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी तिचे काही कर्मचारी ग्राहकांची टिपणे वाचू शकतील. ओरड झाली, आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. माघार घेतली हे चांगलेच. पण किल्ली कंपनीकडे होती एवढे त्यातून कळले. दुसरे उदाहरण स्किफचे. तिथे कुलूप उत्तम होते, किल्ली ग्राहकाकडेच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन कंपनीने ती विकत घेतली, आणि ग्राहकांना सहा महिन्यांत आपले सामान हलवावे लागले. कुलूप शाबूत, घरच गेले!

तेव्हा मी तीन प्रश्न मनाशी धरले. किल्ली माझ्याकडे आहे काय? घडण उघडी आहे काय? आणि दुकान बंद झाले तर टिपणे साध्या अक्षरांत माझ्या हाती राहतात काय? ऑब्सिडियन हे अ‍ॅप पुष्कळांच्या आवडीचे आहे. ते टिपणे आपल्याच यंत्रावर साध्या फाइलींत ठेवते, पण त्याची स्वतःची संहिता खुली नाही. लॉगसेकची संहिता खुली आहे; मात्र त्यात सारे मुद्द्यामुद्द्यांनी लिहावे लागते, आणि मला सलग लिहावयाची सवय. स्टँडर्ड नोट्समध्ये कूटबंदी पहिल्यापासूनच असते, संहिताही खुली. २०२४ मध्ये ते प्रोटॉन या कंपनीकडे गेले. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केलेला ऑर्ग-मोड अजून जोमात आहे, पण तो शिकावयाचा म्हणजे माझ्या सुट्ट्या संपल्या असत्या.

मी जॉपलिन घेतले. संहिता खुली, टिपणे मार्कडाउन या साध्या लेखनरीतीत, आणि हव्या त्या वेळी सारी बाहेर काढता येतात. मार्कडाउन म्हणजे नुसती अक्षरे. मथळ्यापुढे एक खूण, ठळक शब्दाभोवती दोन चांदण्या. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही प्रोग्रामात ती वाचता येतात. हाच माझा शेल्टन.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत, कारण नवख्या माणसाची इथे फसगत होते. जॉपलिनमध्ये कूटबंदी आपण होऊन चालू करावी लागते. नाही केली तर सर्व्हरवर टिपणे उघडीच जातात. आणि चालू केली तरी ती वाटेवर आणि सर्व्हरवर राखण करते. आपल्या मोबाइलमध्ये टिपणे उघडीच असतात, म्हणून मोबाइलला स्वतःचे कुलूप हवे. शिवाय पासवर्ड विसरला तर तो सांगावयास दुसरे कोणी नाही. कंपनीला तो ठाऊकच नसतो.

मे महिन्यात चार दिवस बसून मी टिपणे एकेक करून नव्या वहीत उतरविली. धड्यांची टिपणे शाळेतल्या इतर शिक्षकांना दिली. शाळा सोडून गेलेल्या मुलांविषयीची पुष्कळशी खोडून टाकली. ती ठेवण्याचा मला अधिकार नव्हता, असे वाचताना वाटले. उरलेल्यांना कूटबंदी लावली, आणि तो लांबलचक पासवर्ड एका कागदावर लिहून पूर्वीच्या त्याच कपाटात ठेवला आहे.