पाठ कोणाची लागली?

'दोघांत भारी कोण?' हा प्रश्न ज्याला लहानपणी पडला नाही, तो पुढे उत्तम ऑडिटर होतो, असे माझे निरीक्षण आहे. आम्हां इतरांना तो जन्मभर पडत राहतो.

इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली निघाली आणि 1990 मध्ये बंद पडली. पण रद्दीवाल्याच्या कृपेने आमच्यापर्यंत पोचली. वेताळ भारी की जादूगार मॅन्ड्रेक, यावर आम्ही पोरांनी गल्लीत रक्त आटवले. त्या दोघांची कुस्ती मात्र काही लागेना. कारण सरळ होते. दोघांचा जन्मदाता एकच, ली फॉक. घरातल्या पोरांची जोड कोणता बाप लावील? उलट वेताळाच्या लग्नाला मॅन्ड्रेक पाहुणा म्हणून हजर!

खरी पंचाईत होते ती पैलवानांचे मालक दोन असले म्हणजे. अमेरिकेत डीसीचा सुपरमॅन आणि मार्व्हलचा स्पायडरमॅन 1976 मध्ये एकाच पुस्तकात समोरासमोर आले. आता हरायचे कोणी? ज्याचा हरेल त्याच्या दुकानाला कुलूप! म्हणून तोड निघाली. एका खलनायकाने चोरून सोडलेल्या लाल किरणांमुळे स्पायडरमॅनच्या अंगी बळ आले आणि त्याने सुपरमॅनला चार ठोसे लगावले. किरणांचा अंमल उतरताच ठोसे मारणाऱ्याचेच हात दुखू लागले. मग गैरसमज मिटला, हस्तांदोलन झाले. आमच्याकडे हिला नुरा कुस्ती म्हणतात.

वीस वर्षांनी, 1996 मध्ये, दोन्ही मालकांनी चार अंकांत मिळून 11 कुस्त्या लावल्या. त्यांपैकी 5 मोठ्या कुस्त्यांचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. सुपरमॅनने हल्कला आणि बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला हरवले. स्पायडरमॅन, वुल्व्हरिन आणि स्टॉर्म मार्व्हलकडून जिंकले. उरलेल्या 6 कुस्त्या लेखकांनी घरीच ठरवल्या. त्यांचा निकाल? 3-3! जमा-खर्चाचा असा मेळ मी कॅश काउंटरवरसुद्धा क्वचितच पाहिला आहे. वुल्व्हरिन आणि लोबो यांची झुंज तर दारूच्या गुत्त्यात काउंटरमागे झाली. वाचकांना फक्त आवाज. थोड्या वेळाने वुल्व्हरिन एकटाच उठून उभा राहिला. काउंटरमागे काय चालते ते गिऱ्हाइकाला कळू नये, हा नियम आमच्याच धंद्यापुरता नाही तर!

मी राहतो मारुंजीला, हिंजवडीच्या शेजारी. सोसायटीतली मुले हल्कच्या बाजूने भांडतात. ही मतदानाची हकीकत मी गावातल्या एका जुन्या पैलवान आबांना सांगितली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "सायेब, मतांनी पंचायत निवडत्यात, कुस्ती न्हाई. पाठ कुणाची लागली त्येवढं सांगा."

मी गप्प बसलो. पण आमच्या पुराणिकांनी हा हिशोब फार पूर्वी सोडवला होता. रामायणातला जांबुवंत भागवतात येऊन श्रीकृष्णाशी लढतो. याला म्हणतात दोन मालिकांची गाठ! स्यमंतक मण्यावरून गुहेत 28 दिवस झुंज चालली. जांबुवंत थकला, आणि त्याला उमगले की समोरचा आपलाच राम आहे. त्याने मणी दिला, मुलगी दिली. हरला खरा, पण सासरा होऊन! आपल्याला दमवणारा कोण, हे ओळखण्यासाठीच कुस्ती करायची असते, एवढेच पुराणिकाला सांगायचे होते.

अमेरिकन मंडळींनाही शेवटी तेच सुचले. निकालाने कोणाचेच समाधान होईना, तेव्हा दोन्ही जगे एकमेकांत मिसळली आणि बॅटमॅन व वुल्व्हरिन यांचा मिळून एकच वीर झाला. वाचक हसले. मला हसू आले नाही. 1 एप्रिल 2020 रोजी आपल्याकडे सरकारी 10 बँकांच्या 4 झाल्या, तेव्हा बोर्ड कोणाचा राहणार आणि कोणाचा उतरणार, हे कुणी वाचकांना विचारले नव्हते. बोर्ड उतरलेल्या बँकेतला माणूस आपल्या शेजारच्या काउंटरवर येऊन बसला, की पहिले काही दिवस दोघेही लाल किरणांतच असतात. त्याची स्लिप वेगळी, माझा शिक्का वेगळा.

जांबुवंताला 28 दिवस लागले. आम्हांला जवळजवळ तेवढेच लागले. आता डबा एकत्र खातो. पाठ कोणाची लागली, हे अजून आम्हां दोघांपैकी कोणीच विचारलेले नाही.