वैशाखी पौर्णिमा आणि वाघांची मोजदाद

मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाणारे, लग्नसराईत अडकणारे आणि थंड हवेच्या ठिकाणी धावणारे लोक सर्वांच्या परिचयाचे असतात. याखेरीज आणखी एक वर्ग आहे, संख्येने लहान पण चिवट. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही मंडळी वैशाखी पौर्णिमेच्या बेताने रजा टाकत, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने बडनेऱ्याला उतरत आणि परतवाड्याहून एस.टी.ने मेळघाटात सेमाडोहला पोचत. त्या रात्री पाणवठ्यांवर बसून प्राणी मोजायला वनखात्याला माणसे हवी असत. आमच्या विश्रांतवाडीसारख्या उपनगरांतूनही शिक्षक, बँकेतले कारकून, महाविद्यालयीन मुले आणि प्रयोगशाळांत काम करणारे आमच्यासारखे लोक पदरमोड करून जात. कोणी वाघ पाहण्याच्या आशेने जाई, कोणी वाघ वाचवण्याच्या. या सुट्टीने वाघ खरोखर किती वाचला, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कोणी विचारत नसे.

वैशाखच का, याचे कारण सरळ आहे. पानगळीच्या जंगलात त्या सुमारास नाले आटतात, पाणी मोजक्या डोहांत उरते आणि प्राण्यांना तिथे येणे भाग पडते. झाडांची पाने झडलेली असल्यामुळे दूरवर दिसते आणि पौर्णिमेमुळे विजेरीवाचून दिसते. दर पाणवठ्याजवळ मचाण, मचाणावर एक वनकर्मचारी आणि एक-दोन स्वयंसेवक. भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, बोलणे नाही. हातात एक छापील प्रपत्र : वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू, कोठून आला, कोठे गेला. चोवीस तासांनी सगळी प्रपत्रे गोळा होत आणि बेरीज केली जाई.

ही बेरीज मुख्य गणनेला जोड म्हणून असे. वाघांची मुख्य गणना पाऊलठशांवरून होई. ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ती पद्धत घडवली. धुळीत उमटलेल्या मागच्या पायाच्या ठशावर काच धरायची, काचेवर पेनाने बाह्यरेषा काढायची आणि ती कागदावर उतरवायची. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा आणि अनुभवी माणसाला तो ओळखता येतो, हे तिचे गृहीतक. १९७२ साली या पद्धतीने देशभर गणना झाली आणि आकडा आला १,८२७. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात चाळीस हजार वाघ असावेत, असे ई. पी. जी यांनी म्हटले होते. तो अंदाजच होता, पण त्याच्याशेजारी हा नवा आकडा ठेवल्यावर सरकार हलले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. ही पद्धत सदोष असली तरी तिच्यामुळेच वाघ राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

दोष कोणते? कोरड्या धुळीतला ठसा आणि ओल्या मातीतला ठसा एकाच वाघाचे असूनही वेगळे दिसतात. दोन माणसे एकाच ठशाची रेषा वेगळी काढतात. म्हशीच्या गोठ्याजवळच्या चिखलात आणि शाळेच्या मैदानातल्या मातीत एकाच बुटाचे ठसे घेऊन पाहिले, तर विद्यार्थ्यांना हे पाच मिनिटांत पटेल. पाणवठ्याची अडचण आणखी निराळी. एकच वाघ संध्याकाळी एका डोहावर आणि पहाटे दुसऱ्यावर आला तर दोन वाघ नोंदले जातात, आणि त्या दिवशी तो पाण्यावर आलाच नाही तर शून्य. वळवाचा पाऊस झाला की खडकांतल्या खळग्यांत पाणी साचते आणि सगळा हिशेब कोलमडतो. यातली कोणती चूक किती झाली, हे प्रपत्रावरून कळण्याचा मार्ग नाही. मुळात सर्व प्राणी दिसले असे धरून चालणारी मोजदाद ही मोजदाद नव्हेच, असा आक्षेप कर्नाटकातील शास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी सातत्याने घेतला. नागरहोळेच्या जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावून वाघांची घनता कशी काढावी, यावरील त्यांचा शोधनिबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला.

पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, ही गोष्ट नवी नव्हती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात पायवाटेवर तार लावून, वाघाच्याच पायाने कळ दाबली जाईल अशी योजना करून रात्रीची छायाचित्रे घेतली होती. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लागतो. यापुढचा भाग गणिताचा आहे आणि तो वर्गात करून पाहण्याजोगा आहे. एका भांड्यात न मोजता चवळी घ्या. मूठभर दाणे काढून, समजा ३०, त्यांवर शाईचा ठिपका द्या आणि पुन्हा मिसळा. आता डोळे मिटून ४० दाणे काढा. त्यांत ठिपक्याचे ८ निघाले, तर चाळिसांत आठ म्हणजे एक पंचमांश. याचा अर्थ आपले ३० दाणे एकूण दाण्यांच्या सुमारे एक पंचमांश असावेत, म्हणून एकूण दाणे सुमारे १५०. मग सगळे दाणे मोजून पाहा. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांच्या बाबतीत आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांच्या बाबतीत हीच युक्ती वापरली. वाघावर ठिपका देण्याची गरज नाही, तो घेऊनच जन्माला येतो. हा प्रयोग पाच गटांनी केला तर पाच उत्तरे येतील, आणि ती का वेगळी आली याची चर्चा उत्तरापेक्षा मोलाची होईल.

कारंतांचे म्हणणे बराच काळ कागदावरच राहिले. त्याची किंमत राजस्थानात मोजावी लागली. सरिस्कात २००४ च्या सरकारी गणनेत १६ ते १८ वाघ होते, आणि २००५ च्या आरंभी तिथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. चोरट्या शिकारीने वाघ संपत असताना नोंदवहीत ते जिवंत होते. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले, ठशांची पद्धत मागे पडली आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने नवी पद्धत आखली. तिचा पहिला निकाल २००८ साली लागला : देशात १,४११ वाघ, महाराष्ट्रात १०३. त्याआधीच्या २००१-०२ च्या गणनेचा आकडा ३,६४२ होता. मधल्या काळात बावीसशे वाघ मेले, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे, कारण दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची वजाबाकी करता येत नाही. नव्या आकड्याबरोबर १,१६५ ते १,६५७ अशी मर्यादाही छापलेली होती, आणि आमच्या मते त्या अहवालातली सर्वात प्रामाणिक गोष्ट तीच. दर चार वर्षांनी होणाऱ्या या मापनात २०२२ साली महाराष्ट्रात ४४४ वाघ आढळले.

मग स्वयंसेवकाचे काय? मचाणावरची रात्र बंद झाली नाही. मेळघाट-ताडोब्यात तिला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतात, तिच्यासाठी नाव नोंदवून शुल्क भरावे लागते आणि वाघांच्या संख्येसाठी तिचा आधार घेतला जात नाही. हे नामांतर आम्हाला योग्य वाटते. चांदण्यात सांबराचा इशारा ऐकण्याचे शिक्षणमूल्य मोठेच आहे. फक्त त्याला गणना म्हणू नये. ज्याला खरोखर हातभार लावायचा आहे त्याच्यासाठी काम वेगळे आहे, आणि कंटाळवाणे आहे. पहाटे ठरलेल्या सरळ रेषेवर दोन किलोमीटर मुकाट चालायचे आणि दिसलेल्या चितळ-सांबरांचे अंतर व कोन टिपायचा. वाघ किती राहू शकतील हे भक्ष्यावर ठरते, म्हणून हे आकडे लागतात. काहीच दिसले नाही तर ‘निरंक’ लिहायचे. पाणवठ्यावरून निरंक प्रपत्र घेऊन परतणारा स्वयंसेवक ओशाळलेला असे. इथे त्या निरंकालाही पूर्ण मोल आहे, कारण किती चालल्यावर किती दिसले यावरच उत्तर बेतलेले असते. अमेरिकेत १९०० च्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी शिकारीऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा पाडली. तेव्हाचे स्वयंसेवक सत्तावीस होते. शतकाहून अधिक काळ ती मोजणी उपयोगी पडते आहे, ती दरवर्षी त्याच वर्तुळात, त्याच शिस्तीने होते म्हणून.

सगळ्याच सेवा-सुट्ट्या इतक्या निर्मळ नसतात. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या ‘अनाथ’ बछड्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी परदेशी तरुण पैसे भरून जात. ती बछडी पुष्कळदा आईपासून मुद्दाम तोडलेली असत आणि मोठी झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकली जात. ‘ब्लड लायन्स’ या २०१५ च्या माहितीपटाने हा व्यवहार जगापुढे आणला. जिथे जनावराला हात लावायला मिळतो तिथे संवर्धन नसते, एवढी खूण विद्यार्थ्यांना सांगून ठेवावी.

पुणेकरांना मेळघाट लांब पडतो, बिबट्या लांब नाही. विश्रांतवाडीहून दिघीमार्गे नाशिक रस्त्याला लागले की दोन-तीन तासांत जुन्नर तालुक्यातला ऊस सुरू होतो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने आलेल्या या उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. विद्या अत्रेय यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजले तेव्हा दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसे राहत असलेल्या शेतीच्या मुलखात. त्यांचे मुख्य खाद्य होते कुत्री. जुन्नरात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढल्याचेही त्यांच्या अभ्यासात दिसले.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडी सापडतात. ती पाहायला, उचलायला, फोटो काढायला गाव लोटते, आणि त्या वेळी सर्वात उपयोगी माणूस म्हणजे गर्दीला मागे सारणारा. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची मंडळी बछड्यांची तपासणी करून संध्याकाळी ती पेटीत घालून सापडल्या जागीच ठेवतात, समोर कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जातात. बहुतेक वेळा मादी येते आणि एकेक बछडे तोंडात धरून नेते. ज्या रात्री ती येत नाही त्या रात्रीचीही नोंद होते, आणि दुसऱ्या संध्याकाळी पेटी पुन्हा त्याच बांधावर ठेवली जाते.