अणुभट्टी मोडायची तर भंगारवाल्याला आधी सांगा

तारापूर म्हणजे 2014 ला पालघर वेगळं होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने तयार करून हातात दिल्या, 1969 मध्ये. सगळ्याचा पुरवठादार एकच! मग 1974 ला पोखरण झालं आणि अमेरिकेने हात आखडले. इंधन पुढे फ्रान्स, चीन, रशियाकडून आणावं लागलं.

उभारताना एकाच दारात जाऊन भागलं. मोडताना तसं भागत नाही. कापणारा, धुणारा, किरणोत्सार मोजणारा, डबे बनवणारा, वाहून नेणारा असे सगळे वेगळे लागतात, आणि बराचसा साधा लोखंड-काँक्रीटचा माल शेवटी भंगारातच जातो. अणुविजेच्या दरात युनिटमागे 2 पैसे यासाठी घेतात. पैशाची सोय झाली, पण माणसांची?

2010 चं दिल्लीतलं मायापुरी आठवा. दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेलं गॅमा किरणांचं यंत्र भंगारात लिलावाला काढलं. आत कोबाल्ट-60 आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नाही. त्याने ते फोडलं. एकजण गेला, बाकीचे भाजले. तिथे यंत्र एकच होतं, इथे अख्खं केंद्र असेल.

म्हणून निविदा निघायच्या बरीच वर्षं आधी कामांची यादी जाहीर व्हावी. आपल्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांना कळू दे, कुठला माल मोजून, शिक्का मारून येणार आणि कुठला कधीच हातात पडता कामा नये. स्फोटानंतर यादी शोधणं काय असतं, हे डोंबिवलीकरांना कुणी सांगायला नको.